१६ अब्जांचा आकडा बाजूला ठेवा, चोरी कुठून झाली ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा: ‘१६ अब्ज पासवर्ड फुटल्याची बातमी पुन्हा पुन्हा फिरते. गूगल, ॲपल, फेसबुक सगळेच हॅक झाले म्हणतात. घरच्या ग्रुपवर “आजच्या आज सगळे पासवर्ड बदला” असा निरोप आलाय. माझी साठेक खाती आहेत. खरंच सगळी बदलायची का? सुरुवात कुठून करू?’

सगळी साठ बदलू नका. पाच-सहा खात्यांवर मात्र आज संध्याकाळीच बसा, आणि तेही योग्य यंत्रावरून. चुकीच्या यंत्रावरून बदललेला पासवर्ड न बदललेल्यापेक्षा वाईट असतो. नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो आणि तुम्ही मात्र निर्धास्त होऊन बसता. असं का, ते पुढे येईलच.

आधी बातमीबद्दल. जून २०२५ मध्ये सायबरन्यूज या संकेतस्थळाने जाहीर केलं की त्यांच्या शोधकांना इंटरनेटवर उघडे पडलेले ३० डेटासंच सापडले. एकूण बेरीज १६ अब्ज नोंदी, त्यातल्या सर्वांत मोठ्या संचात साडेतीन अब्जांहून जास्त. तिथून पुढे जगभरच्या वाहिन्यांनी ‘ॲपल, गूगल, फेसबुकचे पासवर्ड फुटले’ असा मथळा चालवला आणि तो साफ चूक होता. या कंपन्यांच्या तिजोऱ्या फुटल्याच नव्हत्या. अशा प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असतात: लॉगिनच्या पानाचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड. पत्त्याच्या जागी फेसबुकचं नाव आहे, याचा अर्थ एवढाच की कुणीतरी आपल्या संगणकावर बसून फेसबुकचा पासवर्ड टाईप केला किंवा साठवून ठेवला आणि तो त्या संगणकावरून उचलला गेला. किल्ली माणसाच्या खिशातून गेली, कुलुपाच्या कारखान्यातून नाही.

आकड्याचंही तेच. जगाची लोकसंख्या आठ अब्जांच्या घरात, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचे दोन पासवर्ड फुटले असा हिशोब होतो. तसं काही झालेलं नाही. चोरीचा तोच ऐवज दहा ठिकाणी विकला जातो, टेलिग्रामच्या चॅनेलांवर जाहिरात म्हणून फुकट वाटला जातो, मग कुणीतरी सगळा गोळा करून नवं नाव देतो. २०१९ च्या जानेवारीत ‘कलेक्शन १’ आलं, त्यात सुमारे ७७ कोटी ईमेल पत्ते होते. २०२४ च्या जानेवारीत २६ अब्ज नोंदींची बातमी आली, तो बराचसा जुन्या फुटींचाच एकत्र केलेला साठा निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘रॉकयू २०२४’ नावाची जवळपास दहा अब्ज ओळींची यादी आली. तिला नाव मिळालं ते २००९ मध्ये फुटलेल्या रॉकयू कंपनीवरून, जिने ३ कोटी २० लाख पासवर्ड कसलीही प्रक्रिया न करता सरळ वाचता येतील असे ठेवले होते. उलट बाजूनेही आकडा फसवतो. लिंक्डइनची २०१२ ची चोरी आधी ६५ लाखांची वाटली. २०१६ मध्ये तोच माल विक्रीला आला तेव्हा ११ कोटी ७० लाख निघाले.

तेव्हा बातमी वाचताना आकडा सोडून द्या आणि एकच विचारा: हे फुटलं कुठून? कंपनीच्या सर्व्हरवरून, की वापरणाऱ्यांच्या संगणकांवरून? दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पहिला प्रकार तुलनेने सोपा. एखाद्या दुकानाचा सर्व्हर फुटला तर तिथला तुमचा पासवर्ड सहसा हॅश केलेल्या रूपात चोराला मिळतो. हॅश म्हणजे एकाच दिशेने चालणारं गणित. उत्तरावरून मूळ शब्द काढता येत नाही, म्हणून चोर अंदाज लावत बसतो. तो अंदाज किती लवकर लागतो हे कंपनीने कुठली पद्धत वापरली आणि तुम्ही काय निवडलं यावर ठरतं. आपल्याकडे मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवणारे ढीगभर आहेत, म्हणून त्याचंच गणित करू. दहा आकडे, पहिला ६ ते ९ पैकी, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. खेळांसाठी बनवलेलं आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड जुन्या एमडी५ पद्धतीचे सेकंदाला साधारण १६,४०० कोटी अंदाज तपासतं. भारतातला कुठलाही मोबाइल नंबर सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात सापडला! तीच कंपनी बीक्रिप्ट ही मुद्दाम हळू चालणारी हॅश पद्धत वापरत असेल तर अगदी हलक्या मांडणीतही तोच वेग सेकंदाला १ लाख ८४ हजारांवर येतो आणि त्याच कामाला सहा तास लागतात. मांडणीच्या प्रत्येक पायरीला वेळ दुप्पट होतो, पाच पायऱ्या वर नेली की आठ दिवस. पण आठ दिवस म्हणजे काहीच नाही. चांगल्या पद्धतीमुळे वाईट पासवर्ड वाचत नाही, फक्त त्याला थोडा अवधी मिळतो.

जाता जाता याच गणितातलं आणखी एक. बँका आणि विमा कंपन्या खातेउतारा पीडीएफ करून पाठवतात, पासवर्ड बहुधा नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माची तारीख-महिना. नाव तर ईमेलवरच असतं. उरतात ३६६ शक्यता. त्या पासवर्डला संरक्षण समजू नका, ईमेलचं खातं सांभाळा.

पहिल्या प्रकारात खरा धोका फुटलेल्या दुकानाचा नसतो. तोच पासवर्ड तुम्ही आणखी कुठे वापरला आहे, तिथे तो असतो. चोराचा प्रोग्राम ईमेल-पासवर्डची जोडी शेकडो साइट्सवर आपोआप लावून बघतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी डीएनए चाचणी कंपनीत नेमकं हेच झालं. दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डांनी सुमारे १४ हजार खाती उघडली गेली, आणि नातेवाईक शोधण्याच्या सोयीतून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या बहुतेकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. इथला उपाय सोपा आहे: फुटलेल्या जागचा पासवर्ड बदला, तोच किंवा त्याच्या जवळपासचा जिथे जिथे आहे तिथेही बदला. शेवटच्या २०२४ चं २०२५ केलं तर तो बदल नव्हे, ते अंदाज लावणाऱ्या प्रोग्रामला पहिल्या मिनिटात जमतं. म्हणूनच अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ पासून ठरावीक दिवसांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं आहे. आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत दर ९० दिवसांची सक्ती अजून चालू आहे आणि तिने सुरक्षा कमीच होते.

आता दुसरा प्रकार. १६ अब्जांतला मोठा हिस्सा यातूनच आला, आणि याच्याबद्दल बातम्यांत सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

इन्फोस्टीलर नावाची मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, जात आहे: रेडलाइन, रॅकून, विडार, लुमा. तुमच्या विंडोज संगणकावर ती एकदा चालली की मिनिट-दोन मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकीज, आपोआप भरले जाणारे फॉर्म, क्रिप्टोची वॉलेट आणि डेस्कटॉपवरच्या ‘पासवर्ड’ नावाच्या फायली गोळा करून पाठवून देते. बरेचदा काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकते. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी लुमाचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोनच महिन्यांत जगभरचे ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक त्याने बाधित झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. मालवेअरचा हा एकच प्रकार, आणि दोनच महिने.

ती येते कुठून? पहिला रस्ता क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. विंडोज किंवा ऑफिसचा ॲक्टिव्हेटर, फोटो-व्हिडिओ एडिटिंगची फुकट प्रत, खेळातली चीट. यूट्यूबच्या व्हिडिओखाली लिंक असते, झिप फाइलला पासवर्ड असतो आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. झिपला पासवर्ड यासाठी की डाउनलोड होताना आतलं तपासता येऊ नये. कधी फाइल मुद्दाम शेकडो एमबी फुगवलेली असते, कारण तपासणाऱ्या सेवा मोठ्या फायली घेत नाहीत. या तीन खुणांपैकी एक जरी दिसली तरी फाइल उघडू नका. दुसरा रस्ता २०२४ पासून फोफावला आहे: ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं सांगून विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं करायला लावणारं पान. पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) आधीच आज्ञा ठेवलेली असते, तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. खरा कॅप्चा तुम्हाला ब्राउझरच्या बाहेर कधीच जायला सांगत नाही.

ब्राउझर पासवर्ड कूटबद्ध करून ठेवतो ना, मग ते कसे जातात? क्रोम त्यासाठी विंडोजच्या तुमच्या लॉगिनला बांधलेली किल्ली वापरत आला आहे. तुमच्याच लॉगिनखाली चालणाऱ्या प्रोग्रामने ती मागितली की विंडोज देतं, त्याला तो तुम्हीच वाटतो. जुलै २०२४ मध्ये क्रोमने १२७ व्या आवृत्तीत वेगळी तटबंदी आणली, स्टीलर बनवणाऱ्यांनी काही महिन्यांतच तिला वळसे शोधले.

कुकीजची चोरी त्याहून वाईट. तुम्ही एकदा लॉगिन केलं, ओटीपी टाकला, की साइट ब्राउझरला एक कुकी देते आणि पुढचे अनेक दिवस तीच तुमची ओळख असते. ती चोराच्या ब्राउझरमध्ये ठेवली की त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही, पासकीही (पासवर्डऐवजी तुमच्या यंत्रात राहणारी डिजिटल किल्ली) लागत नाही. म्हणून ‘टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी पायरी) चालू आहे, मला काय होणार’ हा दिलासा इथे चालत नाही. त्याच वेळी टू-स्टेप नसेल तर काय होतं तेही बघा: २०२४ मध्ये स्नोफ्लेक या डेटा सेवेच्या ग्राहक कंपन्यांची खाती लुटली गेली, सुमारे १६५ संस्थांना धोक्याचा इशारा द्यावा लागला. वापरलेले पासवर्ड इन्फोस्टीलरांनी उचललेले होते, काही तर २०२० मधले. चोरीचा पासवर्ड चार वर्षांनीही शिळा होत नाही.

तुमच्या बाबतीत कुठला प्रकार झालाय हे कसं कळणार? ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही मोफत सेवा वापरा. तिथे ईमेल पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटीत, कुठल्या वर्षी सापडला ते दिसतं. एवढ्यावर थांबू नका. ईमेलवर येणाऱ्या दुव्याने पत्ता तुमचाच आहे हे सिद्ध केलंत, तर स्टीलरच्या नोंदींत तुमच्या पत्त्यापुढे कुठल्या साइट्स सापडल्या तेही दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे अशाच एका २३ अब्ज ओळींच्या साठ्यातून २८ कोटी ४० लाख ईमेल पत्ते जोडले गेले. या यादीत तुमचं नाव असेल तर कधीतरी तुम्ही लॉगिन केलेला एखादा संगणक बाधित होता, असंच धरून चाला. तो घरचा असेल, ऑफिसचा असेल, नाक्यावरच्या सायबर कॅफेचा किंवा महा-ई-सेवा केंद्रातलाही असेल. यादीत नाव नसणं मात्र निर्दोषत्वाचा दाखला नाही.

याच सेवेत पासवर्डही तपासता येतो आणि ते सुरक्षित आहे. पासवर्डचा हॅश तुमच्याच ब्राउझरमध्ये बनतो, त्याची पहिली पाच अक्षरं तेवढी पाठवली जातात, तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे शेकडो हॅश येतात आणि जुळणी तुमच्याकडेच होते. ‘तुमचा पासवर्ड फुटलाय का ते पाहा’ म्हणणाऱ्या इतर कुठल्याही पानावर, विशेषतः ग्रुपवर आलेल्या दुव्यावर, पासवर्ड टाकू नका. अशा बातमीच्या दुसऱ्याच दिवशी तसली पानं तयार होतात.

स्टीलरची शंका असेल तर पुढचा क्रम मोडू नका.

संशयित संगणक इंटरनेटवरून काढा. अँटिव्हायरसने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. मालवेअर स्वतःला पुसून गेलेलं असेल तर सापडणार काय? पुढचं सगळं फोनवरून किंवा खात्रीच्या दुसऱ्या यंत्रावरून करा. सर्वांत आधी मुख्य ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून त्यावरूनच मिळतात. पासवर्ड बदला, मग सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइस’ उघडून अनोळखीच नव्हे, तर हातातलं यंत्र सोडून सगळी साइन आउट करा. गूगलचा पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणची सत्रं बंद होतात, पण तुम्ही परवानगी दिलेली काही बाहेरची ॲप्स तशीच राहतात. ती यादीही उघडा आणि ओळखीची नसतील ती काढा. पुनर्प्राप्तीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा.

इथे एक जागा जवळजवळ सगळेच विसरतात. चोर आत असताना त्याने मेल फॉरवर्डिंग चालू करून ठेवलं असेल, किंवा बँकेचं मेल आलं की थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर बनवला असेल, तर पासवर्ड बदलूनही तो तुमची टपाल वाचत राहतो. जीमेलच्या फोन ॲपमध्ये या सेटिंग दिसत नाहीत. स्वच्छ यंत्रावर ब्राउझरमधून जीमेल उघडा, सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ ही दोन्ही पानं वाचून काढा.

त्यानंतर नेटबँकिंग आणि डीमॅट, मग व्हॉट्सॲप, मग फेसबुक-इन्स्टाग्राम, मग कार्ड साठवलेली दुकानं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ रिकामं करा आणि सहा आकडी पिन लावा. टेलिग्राममध्ये ‘डिव्हाइसेस’मधून बाकी सगळी सत्रं बंद करा. उरलेली चाळीस-पन्नास खाती जसजशी उघडाल तसतशी बदला, एका रात्रीत बसलात तर विसाव्या खात्याला कंटाळून तोच पासवर्ड पुन्हा वापराल.

संगणक शेवटी. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या, इन्स्टॉल होणारी एकही फाइल घेऊ नका. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि डिस्क पूर्ण पुसून नव्याने टाका. क्रोममध्ये परत लॉगिन करण्याआधी एक्सटेन्शनचं (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचं) सिंक बंद करा, नाहीतर वाईट एक्सटेन्शन आपोआप परत येईल.

अँड्रॉइडवर हाच प्रकार एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या, फाइलने होतो: लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान, वीजबिल अशा नावाने व्हॉट्सॲपवर येते, एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी पुढे पाठवते. इन्स्टॉल झालीच असेल तर फोन विमान मोडमध्ये टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग फॅक्टरी रिसेट.

पैसे गेले असतील तर वर सांगितलेलं सगळं नंतर. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी तक्रार आणि तक्रारीचा क्रमांक. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरल्याप्रमाणे (आजचा नियम बँकेकडून खात्री करून घ्या) बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत मर्यादित, पुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्यावर, पण कळवल्यानंतरचं बँकेवर. म्हणून लाजेने एक तासही घालवू नका.

‘तुझा पासवर्ड अमुक आहे, तुझ्या कॅमेऱ्यातून चित्रण केलंय, बिटकॉइन पाठव’ अशी मेल आली तर त्यातला पासवर्ड जुन्या यादीतून उचललेला असतो. चित्रण नसतं. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर बदला.

पुढची सोय म्हणून बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी यांपैकी एक पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कूटबद्ध करून सांभाळणारा प्रोग्राम, घ्या, दोन्ही फुकट मिळतात. त्याच्या मुख्य पासवर्डसाठी शब्दकोश कुठेही उघडून सहा असंबद्ध शब्द निवडा. म्हण, अभंग किंवा गाण्याची ओळ नको, त्या चोरांच्या याद्यांत असू शकतात. हा एक पासवर्ड आणि टू-स्टेपचे बॅकअप कोड कागदावर लिहून रेशन कार्ड आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवा. इन्फोस्टीलरला कपाट उघडता येत नाही. जिथे पासकीची सोय असेल तिथे ती घ्या: ती ठरलेल्या साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते, म्हणून हुबेहूब खोट्या पानावर ती चालतच नाही, तर एसएमएसचा ओटीपी तुम्ही स्वतः तिथे टाईप करून बसता.

आणि घरात एकच संगणक असेल तर मुलांना विंडोजमध्ये वेगळं साधं खातं करून द्या, प्रशासकाचा अधिकार न देता, आणि तुमच्या खात्याला पासवर्ड ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. मुलाच्या खात्यात खेळाच्या चीटबरोबर स्टीलर शिरलाच, तर त्याला त्या खात्यातल्या ब्राउझरपुरतंच मिळतं. तुमच्या प्रोफाइलची किल्ली विंडोज त्याला देत नाही. त्याने प्रशासकाचा पासवर्ड मागितला आणि तुम्ही उठून टाईप केला, तर मात्र हे सगळं वाया जातं.